थोडे काम बाकी आहे

जाहिरात लिहिणे हे काही अवघड काम नसावे, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ज्याला पत्र लिहिता येते त्याला जाहिरातही लिहिता येते, असे मी धरून चाललो होतो. ती समजूत २०२४ च्या पावसाळ्यात पार धुळीला मिळाली. एक जुनी फियाट मोटार विकायची होती, चार ओळी लिहायच्या होत्या, आणि त्या चार ओळींसाठी मी अख्खा आठवडा टेबलाशी बसून होतो.

अडचण अशी, की मोटार होती, पण ती मोटारीच्या आकारात नव्हती. सांगाडा आमच्या गॅरेजमध्ये विटांवर उभा होता. चारही दरवाजे भिंतीला टेकवून ठेवलेले. इंजिन कोपऱ्यात, गोणपाटाखाली. बाकीचा ऐवज डालड्याच्या डब्यांत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आणि आईच्या माहेरच्या एका ट्रंकेत. असल्या वस्तूला काय म्हणावे? 'मोटार विकणे आहे' म्हणावे, तर घेणारा आल्या आल्या किल्ली मागणार. 'सुटे भाग विकणे आहेत' म्हणावे, तर भंगारवाला तराजू घेऊन दारात हजर. जाणकारांनी यावर तोड काढली आहे. अशा गाडीला ते 'प्रोजेक्ट' म्हणतात. शब्द मोठा सोयीचा. धरणालाही प्रोजेक्टच म्हणतात, आणि धरणे वेळेवर पुरी होत नाहीत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणी तारीख विचारीत नाही.

नातवाने मला अशा जुन्या गाड्यांच्या जाहिराती शोधून दिल्या, आणि मी त्या पोथी वाचावी तशा वाचल्या. हळूहळू त्यांची भाषा उमगू लागली. वधूवरांच्या जाहिरातीत 'रंग निमगोरा' असे वाचले की जाणता माणूस समजायचे ते समजतो. तसेच येथेही आहे. 'किरकोळ गंज' म्हणजे गाडीत बसल्या जागी खालचा रस्ता दिसतो. 'इंजिन फिरते' म्हणजे ते फिरते, चालत नाही. 'शेवटपर्यंत चालू होती' हे तर कोणत्याही कैलासवासी गृहस्थाबद्दल लिहिता येईल. 'सर्व भाग आहेत' याचा अर्थ, सर्व भाग होते. 'ऐंशी टक्के काम पूर्ण' असे असेल तर ते ऐंशी टक्के काम गाडी खोलण्याचे असते. आणि 'वेळेअभावी विकणे आहे' हे कारण शेवटी ठरलेलेच. पैशाअभावी, उत्साहाअभावी किंवा बायकोच्या संमतीअभावी कोणी गाडी विकल्याचे माझ्या वाचनात नाही. या सगळ्यांत मला अतिशय आवडलेला शब्दप्रयोग म्हणजे 'थोडे काम बाकी आहे'. त्यातल्या 'थोडे' या शब्दावर कोणीही किती वर्षे सुखाने काढू शकेल.

हसत होतो खरा, पण दहाबारा जाहिराती वाचून झाल्यावर हसू आवरले. यातल्या प्रत्येकाने कधीतरी एका सुट्टीच्या सकाळी बाह्या सरसावून पहिला नट सोडवला असणार. त्या घटकेला त्याच्या डोळ्यांपुढे आरशासारखी चकचकीत गाडी उभी असणार. आणि आता तो ती डोळ्यांपुढची गाडी विकायला निघाला होता, कारण गॅरेजमधल्या गाडीला तशी किंमत नव्हती. मी त्यांच्यापैकीच एक.

आमची गाडी १९५८ सालची. फियाट अकराशे. इटलीत तिला 'मिलेचेंतो' म्हणत, म्हणजे अकराशेच. इंजिन खरे पाहता १०८९ सीसीचे. अकरा सीसी इटालियन माणसानेही पदरचे घातले होते. आपल्याकडे ती तयार होई कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ मध्ये काढली. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की जे येथे सुटे भाग बनवायला तयार असतील त्यांनीच मोटारी कराव्यात. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि आपल्या रस्त्यांवर मोजून दोन-तीन जातींच्या गाड्या उरल्या. नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. आमच्या अप्पांना तेवढा धीरही नव्हता आणि तेवढे पैसेही नव्हते. त्यांनी १९६६ मध्ये मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून ही गाडी जुनी म्हणूनच घेतली.

या घडणीच्या फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले होते. पुढून पाहिले म्हणजे नाकाडाची ठेवण तशीच दिसे, त्याला कोण काय करणार! अप्पा डॉक्टर. शनिवारात दवाखाना, आणि सकाळ-संध्याकाळ घरोघर व्हिजिटा. गाडी बोळाच्या तोंडाशी आली की पोरे ओरडत, "डुक्कर आलं, डुक्कर आलं! आता सुई टोचणार!" अप्पांना या नावाचा राग होता असे मला वाटत नाही. आई मात्र शेवटपर्यंत 'आमची फियाट' असेच म्हणे. तिच्या पुढच्या दरवाजांचे आईला कोण कौतुक! ते दरवाजे उलट्या बाजूने उघडत. बिजागऱ्या मागल्या अंगाला. त्यामुळे नऊवारी नेसलेल्या बाईला अंग न आवळता, पाटावर बसावे तसे आत बसता येई. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्याने पुढच्या दोघांच्या मध्ये तिसरे पोर दाटीने मावे. ते तिसरे पोर मी. उन्हात तापलेले रेक्झिन, पेट्रोल आणि अप्पांच्या बॅगेतले स्पिरिट यांचा मिळून जो एक वास होई, तो आजही एखाद्या जुन्या दवाखान्यात शिरताना अवचित येतो आणि मी उगाचच मागे वळून पाहतो.

तर ही गाडी १९६६ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, चालली. हे वाक्य मी जाहिरातीत लिहिले नाही. का, ते आता सांगतो.

१९९७ च्या एप्रिलात एका मैदानावर जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले होते. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरीला. तेथे आमच्या गाडीची सख्खी बहीण मला भेटली. हस्तिदंती रंग, नाकावर चांदीसारखी झळकणारी जाळी, चाकांच्या टोप्यांत स्वतःचे तोंड पाहून घ्यावे. भोवती माणसांचा गराडा. मी घरी आलो आणि आमच्या गाडीकडे पाहिले. रंग उडालेला, बंपर एका बाजूने वाकलेला, मागच्या काचेची मूठ मोडून तिथे पक्कड अडकवलेली, सीटला तीन रंगांची ठिगळे. मला तिची लाज वाटली. आतापर्यंत कधी वाटली नव्हती.

"अप्पा, मी गाडी पूर्ण खोलून नवी करतो," मी म्हणालो.

"अरे, चालतेय ना ती," अप्पा म्हणाले.

"चालतेय हो, पण दिसते कशी!"

अप्पांनी माझ्याकडे नुसते पाहिले. पेशंट आपल्याच मनाने औषध घेऊन मोकळा झाला की ते असे पाहत. अप्पा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. व्हिजिटा पुष्कळ कमी झाल्या होत्या, पण रोज संध्याकाळी सव्वासहाला गॅरेजचे दार उघडे, दोनदा चोक ओढल्याचा आवाज येई आणि ते दोन-तीन जुन्या पेशंटांकडे एक फेरी मारून येत. त्यातले निम्मे आजारी नसत. गप्पा मारायला डॉक्टर हवा असे.

मे महिन्यात मी रजा काढली आणि नऊ दिवसांत गाडी खोलली. नऊ दिवस! या जन्मात मी इतक्या आनंदाने दुसरे कोणतेच काम केलेले नाही. खोलणे हा प्रकारच असा आहे, की दर तासाला काहीतरी झाल्यासारखे दिसते. संध्याकाळी हात काळे करून जेवायला बसावे, आणि आज काय काय निघाले ते सांगावे. दहाव्या दिवशी रंग खरवडायला घेतला आणि तेथे खरी गाडी भेटली. दरवाजांच्या खालच्या पट्ट्यांत रंगाखाली लांबी होती, लांबीखाली जुनी लांबी होती, आणि तिच्याखाली काही नव्हते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, बाजूच्या पट्ट्या आणि छप्पर मिळून एकच पेटी. त्या पट्ट्या गेल्या म्हणजे माणसाचे कमरेचे हाड गेल्यासारखे. पत्रेवाल्याने आकडा सांगितला तो माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. जाळी आणि चाकांच्या टोप्या क्रोमसाठी एका दुकानात दिल्या. टोप्या परत आल्या, जाळीची दर आठवड्याला 'उद्या' होत गेली, आणि एक दिवस पाहतो तो दुकानाच्या जागी साड्यांचे दुकान. जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी. नोव्हेंबरात माझी औरंगाबादला बदली. शहराचे नाव तेव्हा तेच होते. बस, एवढेच. गाडी थांबायला काही मोठे संकट यावे लागत नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आई झेंडूचा हार हातात घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुठे घालू रे?" मी स्टिअरिंगचे चाक खुंटीला टांगले होते. तिने हार त्याला घातला. कुंकवाचे बोटही चाकालाच लावले.

अप्पा चकार शब्द बोलले नाहीत. संध्याकाळचे सव्वासहा वाजत, आणि ते खुर्चीतून उठून पुन्हा बसत. काही दिवस रिक्षाने गेले. मग 'त्यांनाच इकडे येऊ द्या' असे म्हणू लागले. ते पेशंटही म्हातारेच. ते कसले येतात! गाडीचा विषय त्यांनी एकदाच काढला. मी सुट्टीला आलो होतो, तेव्हा म्हणाले, "पाडव्यापर्यंत होईल का?" मी 'हो' म्हणालो. कोणता पाडवा ते मीही विचारले नाही. २००१ च्या फेब्रुवारीत अप्पा गेले.

एक गोष्ट राहिली. मी गाडी खोलत होतो त्या नऊ दिवसांत अप्पा संध्याकाळी स्टूल घेऊन गॅरेजमध्ये बसत आणि मी सोडवून टाकलेल्या नटबोल्टांशी काहीतरी खुडबूड करीत असत. म्हातारपणी वेळ जात नाही, असे माझ्या मनात येई. "अप्पा, हात काळे होतील तुमचे," असेही मी म्हटल्याचे आठवते.

मध्ये सत्तावीस वर्षे गेली. २०२४ मध्ये आमचा बंगला पाडून तेथे सात मजली इमारत उठवण्याचे ठरले आणि बांधकामवाल्याने दिवाळीपर्यंत गॅरेज रिकामे करून मागितले. त्यामुळे ती जाहिरात. मी शेवटी लिहिले: 'फियाट ११००, १९५८, सुटी केलेली. थोडे काम बाकी आहे.'

पहिले गृहस्थ आले ते महामार्गावरच्या एका हॉटेलाचे मालक. त्यांनी गाडीकडे न पाहता तिची लांबी मोजली. त्यांना ती मधोमध कापून पुढचा अर्धा भाग भिंतीत बसवायचा होता. दिव्यांत रंगीत बल्ब, आणि बॉनेटवर सरबताचे पेले. "काका, लोक फोटो काढतात," ते मला समजावून सांगू लागले. आईचे दार उघडून त्यातून कोणी सरबत घेऊन येत आहे असे दृश्य माझ्यापुढे उभे राहिले. किंमत त्यांनी बरी सांगितली होती. मी विचार करून कळवतो म्हणालो, आणि विचार केला नाही.

दुसरे आले ते खरे जाणकार. पाच-सहा जुन्या गाड्यांचे धनी. खिशात लोहचुंबक, हातात बॅटरी. त्यांनी गाडी ज्या रीतीने तपासली, त्या रीतीने अप्पाही क्वचितच पेशंट तपासत. चुंबक पत्र्यावरून फिरवायचा. जेथे तो धरत नाही तेथे पत्रा नाही, लांबी आहे. तळाला बोटांनी टिचक्या मारायच्या आणि आवाज ऐकायचा. इंजिनाचे प्लग काढून बॅटरीने आत पाहायचे. पिस्टन जाम असेल तर जोर न लावता आत तेल सोडून आठवडाभर थांबायचे. मग चासी नंबर, इंजिन नंबर आणि आर. सी. बुक समोरासमोर ठेवून आकडे जुळवायचे. "इंजिनाचं सामान मिळेल," ते म्हणाले. "हेच इंजिन पुढे डिलाइटला आलं, पद्मिनीला आलं. नाना पेठेत मिळेल, नाहीतर मुंबईला. अडतं ते काचेपाशी, रबरापाशी, दिव्यांच्या कड्यांपाशी. आणि जाळी?" जाळीची हकिगत मी सांगितली. त्यांनी हळहळून मान हलवली आणि मग आपण विषयाशी यावे तसे म्हणाले, "काय आहे साहेब, गाडी मूळची एकदाच असते. नवी कितीदाही करता येते. तुम्ही खोलली नसती, नुसती धूळ खात ठेवली असती, तरी मी दुप्पट दिले असते."

यात त्यांचा भाव पाडण्याचा हेतू असेलही, पण बोलणे खोटे नव्हते. २०१५ मध्ये पॅरिसला एक लिलाव झाला. बायों नावाच्या एका फ्रेंच वाहतूकदाराने जुन्या मोटारी जमवल्या होत्या. धंदा बसला आणि गाड्या शेतावरच्या पडव्यांत पडून राहिल्या. त्यांपैकी साठएक गाड्या लिलावात मांडल्या त्या धुळीसकट, गंजासकट. धूळ पुसू नये म्हणून काळजी घेतली होती म्हणे. त्यांतली एक फेरारी मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती; ती १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. आमच्या गाडीवरही मासिकांचे गठ्ठे होते. बहुतेक दिवाळी अंकच. खाली फक्त फेरारी नव्हती.

सरकारही याच मताचे दिसते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नको. आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, किंवा पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच. म्हणजे अप्पांची संध्याकाळची फेरी तिच्यात बसली नसती. जाणकारांनी हे सारे मला समजावून सांगितले, एक आकडा सांगितला आणि गेले. रागावण्यासारखे काही नव्हते, तरी मी दिवसभर रागावलेला होतो.

तिसरा आला तो एक तरुण मुलगा, आणि बरोबर त्याची आई. भोसरीला एका लेथच्या कारखान्यात तो कामाला होता. साठवलेले पैसे पोरगा कशात घालतोय ते पाहायला आई आली होती, आणि तिने ते लपवलेही नाही. पोरगा सांगाड्याखाली उताणा शिरला तो अर्धा तास बाहेर आला नाही. आमच्या हिने बाईंना चहा दिला. बाई गॅरेजच्या उंबऱ्याशी उभ्या राहून सगळा पसारा पाहत होत्या.

"चालत नव्हती का हो ही?" त्यांनी विचारले.

आता, 'इंजिन थकले होते', 'सामान मिळत नव्हते', असे म्हणायला माझे तोंड उघडले होते. इतकी वर्षे मी सर्वांना तेच सांगत आलो होतो. म्हणता म्हणता मलाही ते खरे वाटू लागले होते. पण आमची ही पलीकडून शांतपणे म्हणाली, "चालत होती. आदल्या दिवशीपर्यंत चालत होती."

"मग खोललीत कशाला?"

विचारण्यात खोच नव्हती. चालू शेगडी कोणी का विझवली, असे एका बाईने दुसऱ्या बाईला विचारावे तसा तो प्रश्न होता. मला उत्तर आले नाही. मी म्हणालो, "चांगली दिसावी म्हणून."

गाडीखालून पोराचा आवाज आला, "आई, तळ बदलावा लागणार. पण होईल."

"रंगाला किती येतील?" मी विचारले. हा माझा जुना रोग.

तो बाहेर येऊन उठून बसला. केसांत कोळिष्टके. "रंग नंतर बघू काका. आधी चालू करतो. ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. त्या टॅक्स्यांचं सामान अजून फिरतंय बाजारात. तेवढ्यात घेऊन ठेवतो. चालली की मग दिसण्याचं बघता येईल."

"आणि जाळी नाही, ते पाहिलंस ना?"

"जाळी नसली म्हणून चालायची राहते काय!" बाई म्हणाल्या.

मी त्याला सांगितलेली किंमत जाणकारांच्या आकड्याहून कमी होती. हे औदार्य नव्हते. मला त्या दोघांसमोर जास्त बोलवेना.

गाडी अजून अप्पांच्याच नावावर होती, तेव्हा वारसांच्या सह्या लागणार होत्या. वारस मी आणि नाशिकची ताई. कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. ताईच्या पहिल्या बाळंतपणाला अप्पांनीच तिला रात्री अडीच वाजता त्या गाडीतून दवाखान्यात नेले होते. शेजारी आई, आणि वाटेत लकडी पुलावर गाडी बंद पडली तर काय, या काळजीने मागे सायकलवर मी. ताईने चष्मा लावून कागद पुरा वाचला. म्हणाली, "माझ्या सहीनं ती चालू होणार असेल तर दहा सह्या करते." मग सही करता करता म्हणाली, "त्यांनी तुला कधी काही बोलून दाखवलं नाही, ना?" मी म्हणालो, नाही. "मला म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणाले, बाळूला वाटतं तेवढं ते कठीण नाही. मी सगळं नीट ठेवलंय." मला त्याचा अर्थ लागला नाही. अप्पा नेहमीच सगळे नीट ठेवीत.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी टेंपो आला. सांगाडा चढवायला सहा माणसे लागली. दरवाजे गोधड्यांत गुंडाळले. डबे आणि ट्रंक सर्वांत शेवटी. टेंपो गेल्यावर गॅरेजच्या शहाबादी फरशीवर चार विटांचे चार स्वच्छ चौकोन आणि मध्ये तेलाचा एक जुना डाग एवढे उरले. हिने तेथे पणती लावली. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

भाऊबिजेच्या रात्री त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "काका, डबे उघडले का हो तुम्ही कधी?"

"नाही. का?"

"पुड्या आहेत."

माझ्या लक्षात येईना. मग त्याने नीट सांगितले. डब्यांत नटबोल्ट सुटे नव्हतेच. पूर्वीचे डॉक्टर पावडरीच्या पुड्या बांधीत, तशा दुमडलेल्या चौकोनी पुड्या, शेकड्यांनी. अप्पांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचे कागद वापरलेले. प्रत्येकीवर शाईने लिहिलेले. तो वाचून दाखवू लागला. 'पुढचा उजवा दरवाजा. वरची बिजागरी. ४ नग. लांब स्क्रू खाली.' 'मागची काच, डावी. पट्टी बसवताना आधी वरून सुरुवात करणे.' 'इंजिनाचे झाकण. ६ नग. एकाचे आटे खराब, नवा घेणे.' अप्पांचे अक्षर औषधाच्या दुकानदाराखेरीज कोणाला लागत नसे, आणि हा पोरगा घडघड वाचत होता. ओळीने नंबर घातले होते म्हणे. १ पासून ३०० च्या पुढे. मी ज्या क्रमाने खोलले त्याच्या बरोबर उलट क्रमाने.

"काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"काका, हे सोबत आहे हे तुम्ही जाहिरातीत लिहिलं असतं, तर ते गाडीवाले शेठ काय वाटेल ते द्यायला तयार झाले असते."

"तुझ्याकडे आहे ते बरं आहे," मी म्हणालो.

"एक विचारायचं होतं. सगळ्या पुड्या लागल्या. एकच लागत नाही. तिच्यावर नंबर नाही. लिहिलंय, 'हे कोठले ते कळत नाही. बाळूला विचारणे.' बाळू म्हणजे कोण? मिस्त्री होते का तुमचे?"

"मीच बाळू."

"मग सांगा ना. एक स्प्रिंग आहे. बोटाएवढी. एका टोकाला आकडा आहे, दुसरं टोक सरळ."

मी डोळे मिटून गाडीभोवती फिरलो. ब्रेक पाहिले, कार्बोरेटर पाहिला, हँडब्रेक, बॉनेटची कडी, दरवाजे. त्या नऊ दिवसांतला एकेक दिवस उलगडून पाहिला. कितव्या दिवशी ती माझ्या हातातून खाली पडली असेल, आणि स्टुलावरून वाकून अप्पांनी ती कधी उचलली असेल?

"रविवारी घेऊन ये," मी त्याला म्हणालो. "पाहू या."